दिव्याशिवाय

बारक्याला बारक्या म्हणत ते तो घरातला धाकटा म्हणून. एरवी कुठल्याही दारातून आत शिरताना त्याला मान वाकवावी लागायची. वीस वर्षं त्याने बातम्यांसाठी दहा किलोचा कॅमेरा खांद्यावर वागवला. चित्र हलू नये म्हणून कॅमेरा चालू असेपर्यंत तो श्वास रोखून धरायचा. सोबतचा ध्वनिमुद्रक म्हणायचा, "एखाद्या लांबलचक उत्तरात हा जाणार बघा." तेव्हा गाडीत चार माणसं असत. दिवे मांडण्यात तास जाई, आणि तेवढ्यात समोरचा माणूस केस विंचरून, काय बोलायचं नि काय गिळायचं ते ठरवून बसे. मग टेप केंद्रावर जाई, संकलक दोन दिवस तिच्याशी झटापट करी, आणि नंतर ती कपाटात वर्षानुवर्षं पडून राही.

आता कॅमेरा तळहातावर मावत होता. ध्वनिमुद्रक घरी बसला, दिवेवाला विम्याच्या कामाला लागला, आणि साहेबांनी बारक्याच्या हातात लॅपटॉप ठेवून सांगितलं, "शूट तूच, कापाकापी तूच, आणि गाडीपण तूच चालव." नवा कॅमेरा चित्र आपसूक स्थिर ठेवायचा, तेव्हा श्वास रोखायचं काही कारण उरलं नव्हतं. बारक्याची सवय मात्र सुटली नाही.

एका मंगळवारी सकाळी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याचं छत कोसळलं आणि दोन कामगार जखमी झाले. तिथल्या पॅकिंग विभागाची मुकादम म्हणजे बारक्याची थोरली बहीण. साहेबांना ते ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी त्यालाच पिटाळलं.

ताई मागच्या खोलीत पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसली होती. केसांत धूळ, हातात पाण्याचा पेला. बारक्याने कॅमेरा छातीशी धरला आणि विचारलं, "कसं झालं गं?"

"कसं म्हणजे? तुळईला तडा गेलाय म्हणून तीनदा सांगितलं मॅनेजरना. मी स्वतः. म्हणे, ही ऑर्डर जाऊ दे, मग बघू." ती घोटभर पाणी प्यायली. "तू सुरू कधी करणार आहेस?"

कॅमेरा चालूच होता. लोक बिचकतात म्हणून लाल दिव्यावर त्याने कधीचीच काळी पट्टी चिकटवली होती. ताईची नोकरी, भाच्याचं कॉलेज, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. सख्ख्या बहिणीला असं बेसावध पकडणं त्याला पटेना.

"आता करतो," असं म्हणून त्याने गाडीतून जुना दिवा आणला, स्टँड उभा केला, खुर्ची सरळ करून दिली. एवढा सरंजाम बघून मॅनेजरही दाराशी येऊन हाताची घडी घालून उभे राहिले. ताईने तोंड धुतलं, केस बांधले.

"छताबद्दल कोणी तक्रार केली होती?"

"माझ्या कानावर तरी काही नव्हतं," ताई म्हणाली.

गाडीत बसून त्याने दोन्ही तुकडे लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावले. साहेबांचा फोन आला, दहा मिनिटांत हवंय. त्याने दुसरा तुकडा कापूनसवरून पाठवला. मोठं पुण्यकर्म केल्यासारखं त्याला हलकं वाटलं. दुपारी एका पुलाचं उद्घाटन होतं आणि कॅमेऱ्याचं कार्ड भरलं होतं, म्हणून नेहमीसारखं लॅपटॉपवरचं आणि कार्डावरचं सगळं पुसून तो पुढच्या कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी तो ताईकडे जेवायला गेला, तेव्हा टीव्हीवर कारखान्याचे वकील बोलत होते. "आमच्या मुकादम बाईच सांगताहेत, तक्रार अशी नव्हतीच." मागे ताईचा धुतलेला चेहरा दिसत होता. ताईने टीव्ही बंद केला.

"पहिलं का नाही दाखवलंस?"

बारक्याने विचारलं, "कॅमेरा चालू होता ते तुला कळलं होतं?"

"चालू असला की तू श्वास रोखतोस. इतकी वर्षं बघतेय मी."

"मग सुरू कधी करणार, असं का विचारलंस?"

"उद्या मॅनेजरनी धरलं तर म्हणता यावं ना, भावाने चोरून घेतलं म्हणून! एवढं तरी तुझ्या डोक्यात येईल असं वाटलं मला. आणि तू दिवा लावून बसलास. ते दारात उभे असताना मी काय बोलणार होते? बरं, ते जाऊ दे. आता दाखव पहिलं."

"पुसलं," बारक्या म्हणाला. "रोज पुसतो. त्याच कार्डावर पुढचं घ्यावं लागतं." टेप असती तर आज कपाटातून काढून आणली असती, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

ताईने ताटं धुऊन मांडली. मग ओले हात पुसून ओट्यापाशी उभी राहिली.

"आण तो कॅमेरा."

"दिवा आणू गाडीतून?"

"अजिबात नको."

काल तिला भावावर ढकलता आलं असतं. आज सगळं तिच्याच अंगावर येणार होतं, आणि ते दोघांनाही कळत होतं. बारक्याने कॅमेरा छातीशी धरला.

"श्वास घे," ताई म्हणाली. "चालू आहे, माहितीये मला."

मग तिने सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

"काल मी खोटं बोलले."