दोन तळ्यांची पंगत

बिलोली तालुक्यातील त्या खारवट माळावर ज्वारीसुद्धा धरत नसे. विहिरीचे पाणी मचूळ. म्हणून श्रीमंतने दोन शेततळी खोदून त्यांत कोळंबी वाढविली होती. या माळावर दुसरे काही जगणारच नव्हते. परंतु शेजारच्या गावातील तळ्यांत कोळंबी मारणारा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू शिरला आणि श्रीमंतचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही.

अशा वेळी लातूरहून तनुजा नामक संशोधिका बर्फाच्या पेटीत औषध घेऊन आली.

"यात आरएनए आहे. कोळंबीच्या पोटात गेला की विषाणूच्या जनुकाचं तोंड बंद करतो," ती म्हणाली. "उजव्या तळ्याला खाद्यात मिसळून रोज द्या. डाव्याला साधं खाद्य."

"आन् डाव्यानं काय घोडं मारलंय?" श्रीमंतची पत्नी तारामती हिने विचारले.

"मावशी, औषधानं फरक पडला का, हे कळायला एक तळं बिनऔषधाचं लागतं."

तारामती गप्प राहिली. तनुजाने तो होकार मानला. श्रीमंत मात्र आपल्या पत्नीचे मौन पुरते ओळखून होता.

दुसऱ्या दिवशी प्रातःकाळी तारामतीने औषधाच्या खाद्याची पाटी उचलली. अर्धे उजवीकडे उधळले, अर्धे डावीकडे.

"अगं, म्याडमनं काय सांगितलं व्हतं?"

"आवो, एका पंगतीला बसवून एकाला तूप आन् एकाला कोरडं वाढू? असला पंक्तिप्रपंच माझ्या हातून व्हायचा न्हाई. वाटून खातील."

श्रीमंतने तिला अडविले नाही. त्याच्याही अंतःकरणास ते उचितच वाटले. रोज तसेच चालले.

पुढे एके सकाळी बांधावर बगळ्यांची रांग दिसली. कोळंब्या काठाशी येऊन कलंडत होत्या. कवचांवर पांढरे ठिपके होते. दोन्ही तळ्यांत सारखेच.

निरोप मिळताच तनुजा धावत आली. "उजवीकडेही? पूर्ण मात्रा दिली होती ना?"

"दोघांत वाटली," तारामती म्हणाली. "अर्धी अर्धी."

तनुजाने काठावरची एक कोळंबी उचलून तिचे कवच निरखले.

"पुरी दिली असती, तर उजवीकडली जगली असती का?" श्रीमंतने विचारले.

"सांगता येत नाही, काका. तेच तर बघायचं होतं. आता औषध उरलं नाही, आणि पुन्हा कुणी देणारही नाही."

दुपारी रोग ओढ्यात उतरू नये म्हणून दोन्ही तळ्यांसाठी ब्लिचिंग पावडर आणली. तारामतीने दोन पाट्या भरल्या. एक उणी वाटली, तेव्हा दुसरीतील मूठभर काढून तिने तीत टाकली.

श्रीमंत पाहत होता. त्याने एक पाटी उचलली आणि तो डावीकडे चालू लागला.