कापलेल्या कार्डाची कड

मित्रांनो, माझ्याकडे असे डोळे बारीक करून बघू नका. ते काम माझे आहे. मी एक जुने भिंग आहे. अंगठ्याच्या पेराएवढी माझी काच, तिला घडीचे पितळी झाकण आणि झाकणाला एक काळी दोरी. माझ्याखाली जे येते ते मी दहापट मोठे करून दाखवतो. चांगले असेल तर चांगले, खराब असेल तर खराब. मला कुणाची भीड पडत नाही. माझ्यात हा एवढा एकच गुण आहे आणि खरे सांगायचे तर त्याचा मला थोडा गर्वही आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या एका काचकारखान्यात झाला. तिथे मला इतके घासले की मी आता उरतो की नाही अशी मला शंका यायची. शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराने मला उजेडात धरले, "हं" म्हटले आणि चांगल्या ढिगात ठेवले. तो कारागीर एरवी "हं"सुद्धा म्हणत नसे, म्हणून मी ते अजून लक्षात ठेवले आहे.

तिथून मी इंडियानातल्या फोर्ट वेन गावी क्लेटन ब्रँट नावाच्या घड्याळजीकडे आलो. दिवसभर मी त्याच्या डोळ्याला लागलेला असे. शाळा सुटली की त्याची मुलगी आर्डिथ दुकानात यायची आणि बाप कॉफी प्यायला उठला की मला उचलायची. घड्याळांशी तिला काही देणेघेणे नव्हते. च्युइंगमच्या पाकिटातून बेसबॉल खेळाडूंची कार्डे निघत, ती कार्डे आर्डिथ माझ्याखाली धरायची. माझ्यातून बघितले की खेळाडूचा चेहरा नाहीसा होई आणि लाल, निळे, पिवळे ठिपके तेवढे दिसत. ती पोटभर हसायची. ते दिवस फार सुखाचे होते.

मग सेलवर चालणारी घड्याळे आली. ती बिघडली की लोक दुरुस्त करत नसत, फेकून देत. दुकान बंद झाले, पुढे क्लेटनही गेला. मी अकरा वर्षे एका खणात पडून होतो. सोबतीला सुटी बटणे होती आणि एक गंजकी किल्ली. तिनेच माझ्या काचेवर हा चरा ओढला. मला कुणी विसरले याचे वाईट वाटलेच, पण त्या किल्लीचा राग जास्त आला.

एके दिवशी खण उघडला. आर्डिथचे केस पांढरे व्हायला लागले होते. तिला नवी नोकरी लागली होती, जुनी कार्डे पारखायची. लोक आपली कार्डे तिच्या कचेरीत पाठवत. पारखी मंडळी कोपरे, छपाई, कडा तपासून दहापैकी गुण देत. मग ते कार्ड एका कडक, पारदर्शक डबीत कायमचे बंद होई आणि डबीवर गुणांचा आकडा छापला जाई. मित्रांनो, त्या आकड्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. आठाचे कार्ड आणि नवाचे कार्ड शेजारी ठेवले तर तुम्हाला काही फरक दिसणार नाही, पण बाजारात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

म्हणूनच लबाड्याही चालत. कुणी दुमडलेले कार्ड इस्त्रीने दाबायचा, कुणी झिजलेल्या कोपऱ्याला रंगाचा थेंब लावायचा. सगळ्यात वाईट लबाडी म्हणजे कड कापायची. झिजलेली कड केसभर कापून टाकली की कोपरे पुन्हा टोकदार दिसतात. वरवर बघणारा फसतो. पण जुन्या कडेला तंतू असतात, ती कार्डाच्या दर्शनी बाजूइतकीच पिवळी पडलेली असते, आणि नव्याने कापलेली कड पांढरीफटक आणि गुळगुळीत असते. अशा कार्डाला गुणच मिळत नाहीत. आर्डिथ कापलेले कार्ड लगेच ओळखायची. तिथले लोक म्हणायचे, तिच्या हातात ते भिंग असले की कार्डच घाबरते. हे ऐकून मी फुलून जाई.

त्या कचेरीचा एक नियम होता. कार्ड ज्या पाकिटात येई, त्यावर फक्त क्रमांक असे, मालकाचे नाव नाही. कुणाचे कार्ड हे कळलेच नाही तर कुणाची तरफदारी करणार? पण डग प्रुइट या साहेबाने काही पाकिटांवर छोटी हिरवी टिकली लावायला सुरुवात केली. ही पाकिटे शिकागोच्या एका बड्या व्यापाऱ्याची होती. डग म्हणाला, टिकलीचा अर्थ एवढाच की ही आधी करा. तो माणूस वाईट नव्हता हो. दर शुक्रवारी सगळ्यांसाठी डोनट आणायचा. पण टिकली दिसली की हात जरा सैल व्हायला लागले. साडेआठ म्हणायचे तिथे नऊ. कुणी कुणाला तसे सांगितले नव्हते. न सांगताच सगळ्यांना कळले होते.

आणि एका गुरुवारी आर्डिथचीही चूक झाली. कामाचा ढीग पडला होता. टिकलीवाल्या पाकिटातून १९५३ सालच्या एका डावखुऱ्या पिचरचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचे, कार्ड निघाले. तिने माझ्यातून चेहरा बघितला, चारही कोपरे बघितले आणि नऊ लिहिले. कड मला दाखवलीच नाही. दाखवली असती तर मी गप्प बसलो नसतो. पण मी स्वतः होऊन वळू शकत नाही ना.

दोन वर्षांनी गावात कार्डांचा मोठा मेळा भरला. कचेरीचे टेबल होते, मागे आर्डिथ आणि डग बसले होते. रांगेतून एक सत्त्याहत्तर वर्षांचे गृहस्थ पुढे आले. मर्ल जेसप त्यांचे नाव, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. त्यांना कार्ड विकायचे नव्हते, फक्त कौतुक ऐकायचे होते. लहानपणी त्यांनी थोरल्या भावाचे, एल्डनचे, सगळ्यात आवडते कार्ड कपड्याच्या चिमट्याने सायकलच्या चाकात अडकवले होते. टर्रर्र आवाज काढत दिवसभर गल्लीत फिरले आणि कार्डाचा पार चेंदामेंदा झाला. पुढच्या रविवारी एल्डनचा ब्याऐंशीवा वाढदिवस होता. आता तसेच दुसरे कार्ड, तेही नऊ गुणांचे, मर्ल त्याला देणार होते. त्यासाठी त्यांनी आपली मासेमारीची बोट विकली होती.

"बघा बाई, डोळे भरून बघा," ते म्हणाले. "माझी अख्खी बोट आहे त्या डबीत."

आर्डिथने सवयीने मला उचलले. या वेळी मी कडेवर होतो. डबीतल्या चौकटीत कार्ड नीट बसले नव्हते, वरच्या बाजूला केसभर फट होती आणि कड पांढरीफटक होती. तिने डबीच्या पाठीमागचा क्रमांकही वाचला; त्या गुरुवारी तिनेच नऊ दिलेले ते कार्ड होते.

मित्रांनो, तिथे "छान आहे हो" म्हणून डबी परत देणे किती सोपे होते! म्हातारा हसत घरी गेला असता, भाऊ खूश झाला असता आणि कुणाला कधीच काही कळले नसते. माझ्या काचेखाली मी खूप कडा बघितल्या आहेत, पण तेवढा वेळ एका कडेवर कधी थांबलो नव्हतो.

"हे कार्ड वरून कापलेलं आहे, मर्ल," ती म्हणाली.

"कापलेलं? अहो, पण ह्यावर नऊ लिहिलंय."

"लिहिलंय. मीच दिलेत ते. चुकलं माझं."

डग हसत हसत मध्ये पडला. "आर्डिथ, मागे गर्दी खोळंबलीय. सोमवारी बोलू आपण ह्यावर."

"सोमवारी पण मी हेच म्हणणार आहे, डग. आणि तेव्हा हे समोर नसतील."

मर्लनी डबी उलटसुलट करून बघितली. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, की हे एल्डनला तुम्हीच येऊन सांगा. मी सांगितले तर तो म्हणेल, मर्लला पुन्हा कुणीतरी टोपी घातली.

सोमवारी काय झाले ते आधी सांगून टाकतो. आर्डिथने दोन गोष्टी मागितल्या. टिकलीची जेवढी कार्डे आपण तपासली ती सगळी परत मागवून बघायची, आणि टिकली लावायचीच असेल तर गुण दिल्यानंतर लावायची. डग म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण कशाला? कुणी विचारलंय का आपल्याला?" ती म्हणाली, मर्लनी विचारले. डगने तिला खोकी बांधायच्या खोलीत पाठवले. चार दिवस मी तिच्या खिशात चिकटपट्टीच्या रिळाबरोबर बसलो आणि ती शीळ घालत खोकी बांधत राहिली. शुक्रवारी बाकीच्या दोन पारख्यांनी टिकलीची सगळी पाकिटे न उघडता डगच्या टेबलावर आणून ठेवली. एकेकाळी डग स्वतः उत्तम पारखी होता. तो डोनटच्या खोक्याशेजारी बसला आणि नखाने एकेक टिकली काढू लागला; आर्डिथच्या दोन्ही मागण्या मान्य झाल्या. कचेरीच्या लेखी हमीप्रमाणे मर्लना किमतीतला फरकही मिळाला. "बोट नाही आली," ते म्हणाले, "पण वल्ही तरी आली." पुढे शिकागोचा व्यापारी दुसरीकडे गेला आणि डोनट निम्म्यावर आले. कुणी तक्रार केली नाही. मी तर डोनट खातच नाही.

रविवारी आम्ही एल्डनच्या घरी गेलो. अंगणात मक्याची कणसे उकडत होती, चेरी-पाय नावाचा गोड पदार्थ कापायचा होता, पोरेबाळे गोंधळ घालत होती. एल्डन खुर्चीत ताठ बसले होते. ते तीस वर्षे गावच्या सामन्यांमध्ये पंच होते आणि घरातही तसेच बसत. आर्डिथने सगळे सांगितले. मर्लच्या परवानगीने तिने डबी फोडली आणि कार्ड एल्डनच्या तळहातावर ठेवले. त्यांनी मला डोळ्याला लावले आणि कापलेली कड नीट बघून घेतली.

"तुमची चूक कुणी पकडली होती का?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मग?"

"हे समोर उभे होते," मर्लकडे बघत आर्डिथ म्हणाली.

एल्डननी मला टेबलावर ठेवले. तेवढ्यात मर्लनी दर वाढदिवसाचा टोमणा काढला. पंचावन्न वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात मर्ल शेवटच्या धावेसाठी जिवाच्या आकांताने धावत आले होते, धुळीत घसरत धाव पूर्ण करायच्या पाटीवर पोचले होते आणि पंच असलेल्या एल्डननी मूठ वर करून आऊट दिले होते. तिथेच मर्लचा संघ सामना हरला.

"सख्ख्या भावाला आऊट देणारा माणूस हा," मर्ल म्हणाले. "आणि ह्याला मी कार्ड आणलंय."

सगळे हसले. यावर दरवर्षी एल्डनचे उत्तर ठरलेले असे, आऊट होतास म्हणून दिले. या वर्षी ते आले नाही.

"तू आऊट नव्हतास, मर्ल."

हसणे थांबले.

"तुझा पाय आधी पाटीला लागला होता. मला स्वच्छ दिसलं होतं. पण भावाच्या बाजूने दिलं तर गाव काय म्हणेल, म्हणून मूठ वर केली."

मर्लनी खुर्ची ओढली आणि ते भावाला खेटून बसले.

"म्हणजे आपण जिंकलो होतो?"

"बरोबरी झाली असती," एल्डन म्हणाले. "पुढचं मला माहीत नाही, मी सांगणार नाही."

मर्ल इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मग दोघांनी मिळून तो चेरी-पाय संपवला आणि बाकीच्यांना कणसांवर भागवावे लागले.

मित्रांनो, आता मी आर्डिथच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी टांगलेला असतो. शेजारची मंडळी आपली कार्डे घेऊन येतात, ती फुकट बघून देते. मी समाधानात आहे. तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद खणात पडला असेल. त्याला बाहेर काढा, मऊ कापडाने पुसा, शर्टाच्या बाहीने नको, आणि किल्ल्यांबरोबर ठेवू नका. तो तुम्हाला सगळे खरे दाखवेल. पण आम्हा भिंगांना तोंड नसते. दिसलेले सांगायचे काम तुमचे आहे, आणि ते पंचावन्न वर्षे लांबवू नका.