बोरोनच्या सात पिढ्या

मी बोरोन बोलतोय. माझं नाव तुमच्या कानावर आलं नसेल, तर तुम्ही इस्सिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठाला राहत नाही एवढाच त्याचा अर्थ. बोरोन म्हणजे हिमवादळ. जातीनं मी ताइगान, डोंगरातला शिकारी कुत्रा. लांब पाय, कानांवर झुलपं, शेपटीच्या टोकाला गोल कडं. मला बघितलं की कोल्ह्याला पळता भुई थोडी होते. बढाई म्हणा हवं तर, पण आजूबाजूच्या कुठल्याही कोल्ह्याला विचारून बघा.

आमच्याकडे ताइगान विकत नाहीत, मानानं देतात. मीही असाच दहीवाटीएवढा असताना शेरमातच्या घरी आलो. शेरमात माझा मालक. आवाज मोठा, मन मऊ. त्याची बायको बुरुलकान. घर ती चालवते आणि शेरमातला वाटतं की तो चालवतो. मी दोघांच्याही पायाशी झोपतो, उगाच भानगड नको.

आमच्या लोकांना सात पिढ्यांचा भारी नाद. पोराला सात बापजाद्यांची नावं तोंडपाठ नसली तर त्याला कुणी विचारत नाही, आणि सात पिढ्यांच्या आत सोयरीक करत नाहीत. कुत्र्यांनाही तोच नियम. पंगतीत मटणाचं ताट आलं, की शेरमात माझी वंशावळ सुरू करायचा. "हा बोरोन अकजोलचा. अकजोलनं लांडग्याला कड्यावर अडवला. अकजोल ताशबूरचा. ताशबूर बर्फात कधी घसरला नाही." असं सातव्यापर्यंत. ऐकता ऐकता माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं, आणि कुणीतरी हाडही टाकायचं.

शेरमातच्या लेकीचं, मीरिमचं, लग्न झालं तेव्हा ही वंशावळ महागात पडली. तिचा सासरा ओरोझाली स्वतः शिकारी. त्याच्यासोबत त्याची कुत्री सुलू आली होती. काय सांगू तुम्हाला, मी त्या दिवशी जेवलोसुद्धा नाही. माझ्या सात पिढ्या ऐकून ओरोझाली खूश झाला. म्हणाला, "व्याही, पोरं जोडली, आता कुत्री जोडू. हिची पिल्लं तुमच्या बोरोनचीच."

शेरमातनं भरल्या मांडवात रोटी मोडली, अर्धी व्याह्याला दिली आणि दोघांनी खाल्ली. रोटीवर दिलेला शब्द आमच्यात कुणी मोडत नाही. माझं मत कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी मी नाही म्हणणार नव्हतो.

पुढच्या शरदात सुलूला आणायचं ठरलं. त्याआधी कुत्र्यांना सुई टोचायला जनावरांची डॉक्टरीण सायरागुल गावात आली. बाई तरुण, पण हात अनुभवी. तिनं दात बघितले, छाती ऐकली, आणि मग जिथं आजवर कुणी हात घातला नव्हता तिथं घातला. मी शेरमातकडे बघितलं. शेरमात डोंगराकडे बघायला लागला.

"शेरमातकाका, याचं एकच वृषण खाली आहे. दुसरं पोटातच राहिलंय."

"असेना का," शेरमात म्हणाला. "धावतो सगळ्यांच्या पुढे."

"धावेल हो. पण आत राहिलेल्या गोळीची पुढेमागे गाठ होते. आणि हे बहुतेक रक्तातून आलेलं असतं. याची पिल्लं काढू नका."

"म्हणजे होणार नाहीत?"

"होतील. खाली आहे ती गोळी चांगली आहे, म्हणून तर धोका. पोरांत दिसेल. पोरींत दिसणार नाही, पण त्या पुढे आपल्या पोरांना देतील."

शेरमातनं आवाज खाली आणला. "ती आतली खाली ओढून शिवता नाही येणार? कुणाला कळणार नाही."

"कळणार नाही," सायरागुल म्हणाली. "पण रक्तात आहे ते तिथंच राहील. लपवून काय मिळवणार? दोन्ही काढून टाका. कुत्रा सुखात जगेल."

शेरमात तावातावानं माझ्या सात पिढ्या म्हणायला लागला. कुठं खोट होती का त्यांच्यात? तेवढ्यात बुरुलकान चहाची किटली घेऊन बाहेर आली.

"सातही बापच मोजलेस," ती म्हणाली. "आया कुठं गेल्या? बोरोनच्या आईचा भाऊ आठवतो का? पिवळा? पोटात गाठ होऊन मेला तो. शेवटी शेवटी त्याला मीच भरवत होते. तुम्ही लोक लांडगे मोजता. पिल्लाला उलटं करून कधी बघितलंय? लाज वाटते."

चहा गार झाला तरी शेरमातनं पेल्याला हात लावला नाही. मग म्हणाला, "रोटी मोडलीये बुरुल. पोरगी त्यांच्या घरात आहे."

"माहीत आहे मला," बुरुलकान म्हणाली. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिनंही चहा घेतला नाही.

माफी मागायची तर घोडा आणि अंगरखा घेऊन जायचं, ही आमची रीत. घोडा द्यायची ऐपत नव्हती. शेरमातनं स्वतःचा मखमली काठाचा ठेवणीतला अंगरखा घेतला आणि आम्ही निघालो. मी वाटभर खुशीत होतो, कारण मला वाटलं आपण सुलूला आणायला चाललोय.

ओरोझालीच्या अंगणात निम्मं गाव जमलं होतं. शेरमातनं अंगरखा पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं. कुणीतरी फिसकन हसलं. मी आपल्या पंजांकडे बघत राहिलो.

ओरोझालीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "एवढ्यासाठी शब्द फिरवता? शेपटीखाली कोण बघतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी असती तर झाकली असती, व्याही," शेरमात म्हणाला. "पिल्लं तुमच्या अंगणात वाढणार. उद्या एखादं गाठीनं तडफडलं, तर ते दुखणं मी तुम्हाला जाणूनबुजून दिलेलं असेल. मला खोटा म्हणा, पण ते मी देणार नाही."

ओरोझालीनं अंगरखा कुंपणावर टाकला आणि घरात निघून गेला. मीरिम दारात उभी होती. तिनं बापाकडे बघितलं आणि सासऱ्याच्या मागोमाग आत गेली. सुलू खुंट्याला बांधलेली होती. तिनं शेपूट हलवली आणि मीही हलवली. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

सायरागुलनं मला झोपवलं, आणि जाग आली तेव्हा अंग जरा हलकं झालं होतं. कसं ते समजून घ्या. आतली गोळी कडक व्हायला लागलीच होती म्हणे. घरी मी चार दिवस कण्हून मटणाचा रस्सा वसूल केला. हिवाळ्यात पहिला बर्फ पडला आणि पहिला कोल्हा मीच धरला. शिकार पायांनी करतात, हे कोल्ह्यालाही कळलं.

व्याह्याकडून मात्र निरोप नाही. मीरिमही माहेरी आली नाही. शेरमात पंगतीत बसायचा, पण माझ्या पिढ्या म्हणायचा नाही. मधूनमधून बातम्या यायच्या, की ओरोझालीला वेड लागलंय. गावोगाव फिरतो, ज्याच्या त्याच्या कुत्र्याला उलटं करतो आणि आयांची चौकशी करतो. एका ठिकाणी त्याला कुत्रा चावलासुद्धा. मला त्या कुत्र्याचं कौतुक वाटलं.

उन्हाळ्यात आम्ही वरच्या कुरणावर तंबू टाकून होतो. उतारावरून दोन घोडे वर येताना दिसले. एकावर मीरिम. दुसऱ्यावर ओरोझाली, ऐन उन्हात मखमली काठाचा अंगरखा घालून, घामानं निथळत. शेरमातनं तो अंगरखा ओळखला आणि त्याचे डोळे भरून आले.

ओरोझालीनं अंगरख्यातून एक पिल्लू काढलं आणि मानानं शेरमातपुढे धरलं. सुलूचं होतं, मला वासानंच कळलं. बाप नारिन भागातला कुर्मान नावाचा कुत्रा. म्हातारा आधी सात बाप म्हणाला. मग आया म्हणायला लागला आणि तिसरीला अडखळला.

बुरुलकाननं तोवर पिल्लू हातात घेऊन उलटं केलं होतं. "दोन्ही आहेत," ती मोठ्यानं म्हणाली. दोघं व्याही डोंगराकडे बघायला लागले.

आता तुम्हाला एवढंच सांगणं आहे, की आमची वंशावळ विचाराल तेव्हा आयांचीही विचारा. आणि पिल्लू घेताना उलटं करून बघा. आम्हाला लाज वाटत नाही, तुम्हालाच वाटते.

ते पिल्लू आता मोठं झालंय. वळण कुठं घ्यायचं, दम कुठं राखायचा, सगळं मी शिकवलं. परवा त्यानं उतारावर कोल्ह्याला माझ्याच पद्धतीनं वळवला, तेव्हा शेजारच्या शिकाऱ्यानं शेरमातला विचारलं, "हा कुणाचा?"

"बोरोनचा," शेरमात म्हणून गेला. मग बुरुलकानची आठवण झाली असावी. त्यानं घसा खाकरला. "म्हणजे रक्तानं कुर्मानचा. पण पळतोय तो बोरोनचा."

मी ऐकलं नाही असं दाखवलं, आणि पोराच्या मागे धावत सुटलो.