अर्धी लिआनेत

मित्रांनो, मी एक जुनी हार्डडिस्क आहे आणि मी संतापलेली आहे. गोड बोलण्याची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका.

कामागुए शहरात मायदेलिन नावाची फोटोवाली राहते. मुलगी पंधरा वर्षांची झाली की आमच्याकडे तिचे फोटो काढतात. घरात साखर नसली तरी चालते, पण भाड्याचा घेरदार झगा आणि फोटो हवेतच. मायदेलिनच्या लॅपटॉपमधली डिस्क अशा फोटोंनी भरून गेली, तेव्हा दुरुस्तीवाल्या एवेलिओने सीडीचा खण काढून तिथे मला बसवले आणि आम्हा दोघींना जोडून एक केले. तेव्हापासून प्रत्येक फोटो अर्धा त्या डिस्ककडे, अर्धा माझ्याकडे. आम्ही कामही झपाट्याने करायचो.

एवेलिओने मायदेलिनला बजावले होते, "यातली एक जरी निघाली, तर दुसरीतून काही हाती लागणार नाही. फोटोंची एक प्रत बाहेर ठेव, बाई." तिने मान डोलावली. पुढच्या आठवड्यात ठेवते म्हणाली. तो आठवडा कधी आलाच नाही.

मग लिआनेतचे फोटो आले. तिचे वडील फर्मिन इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तिच्याशेजारी उभे होते. ते लवकरच देश सोडून जाणार होते. सगळ्यांना ते ठाऊक होते, पण कोणी बोलत नव्हते. एका फोटोत ते तिचा मुकुट सरळ करता करता रडत होते. तो फोटोही आम्ही दोघींनी वाटून घेतला होता.

आता मायदेलिनच्या भावाविषयी, म्हणजे ओस्नियेलविषयी सांगते. त्याला मालिकांचे वेड. इथे मालिका डिस्कमध्ये भरून घरोघर फिरतात. त्याची स्वतःची डिस्क बिघडली, तेव्हा या शहाण्याने लॅपटॉपचा एक स्क्रू काढून मला खिशात घातले आणि मालिका भरून घ्यायला शेजाऱ्याकडे नेले. आत दोन आहेत, एक नेली तर काय बिघडते, असा त्याचा हिशेब. शेजाऱ्याच्या संगणकाला मी एकटी कळणार कशी? पुसून नव्याने तयार करू का, असे संगणकाने विचारले.

"रिकामीच दिसते," ओस्नियेल म्हणाला आणि त्याने होकार दिला. बहिणीला एका शब्दाने विचारावे, एवढेही त्याला सुचले नाही.

लिआनेत अल्बम मागायला आली, तोवर फर्मिन निघून गेले होते. लॅपटॉप सुरूच होईना. एवेलिओने खूप खटपट केली, मग हात टेकले.

"बाबांचा एक तरी असेल ना, ताई?" तिने विचारले.

ओस्नियेल म्हणाला, "अगं, परत काढू की. झगा आहे अजून दुकानात."

"आणि बाबांना कुठून आणू?"

मित्रांनो, दोन डिस्का खुशाल एक करा. पण आधी तिसरीकडे प्रत ठेवा, आणि घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. तेवढे जमणार नसेल, तर निदान आमचे कौतुक तरी करू नका. ओस्नियेल रोज मांडीवर भाताची थाळी घेऊन मला टीव्हीला जोडतो आणि म्हणतो, "जुनी आहे, पण दणकट." परवाच्या भागात एक बाप मुलीला सोडून परदेशी गेला. ते बघून तो ढसाढसा रडला.