सतरावी ओळ

ती ओळ तुम्ही काढून टाकलीत, सर. आता दोष वीज कंपनीवर ढकलू नका, आणि रुपालीवर तर नकोच.

मी कॉलेजात गेलेली नाही हे तुम्ही मीटिंगमध्ये तीनदा सांगितलंत, म्हणून आधीच लिहून टाकते: नाही गेले. छत्रीबागेत बाबा मोटर वाइंडिंग करायचे, त्यांच्या शेजारी बसून मी मशीन शिकले. कोड पुढे मोबाईलवर शिकले. तरी एआयसाठी सूचनांची फाईल लिहायचं काम तुम्ही मलाच दिलंत, कारण तुकोगंजच्या आपल्या एसी ऑफिसात सांवेर रोडच्या कारखान्यांतली पॅकिंग मशीन जवळून पाहिलेलं माणूस मी एकटीच होते.

आपल्याकडे आता मशीन चालवणारा बराचसा कोड एआय लिहितो. पण दर वेळी तो कोरा येतो. काल काय ठरलं, कोणत्या मशीनला काय चालत नाही, त्याला काही ठाऊक नसतं. म्हणून प्रोजेक्टमध्ये ही फाईल ठेवायची, ती तो आधी वाचतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी जवळ बसवून सांगावं तसं मी लिहिलं होतं. काय करायचं, काय नाही, आणि का.

सतरावी ओळ अशी होती: लाईट जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू करायची नाही, ऑपरेटरने हिरवं बटण दाबल्यावरच. खाली कारण: लाईट गेली की ऑपरेटर पाकीट बंद करणाऱ्या सीलिंगच्या जबड्यांत हात घालून अडकलेली प्लास्टिकची पन्नी काढतात, आणि कव्हर उघडं असताना मशीन अडवणारा सेन्सर टेप लावून झोपवलेला असतो.

हे कारण मला रुपालीने दिलं होतं. नमकीनच्या कारखान्यात तीन नंबरची मशीन ती नऊ वर्षं चालवते. चालू शिफ्टमध्ये मशीन थांबवली तर इनचार्ज मनीषजी डोक्यावर येऊन उभे राहतात, म्हणून सफाई लाईट गेल्यावरच. ती मला चिडवायची, "ताई, लाईट गेली की तुम्ही लोक चहाला जाता. आमचं तर असली काम तेव्हाच सुरू होतं."

मग तुम्ही म्हणालात फाईल फार लांब झाली. रूल ठेव, कहाणी काढ. मी सगळी कारणं काढून टाकली. ही माझी चूक, आणि ती मी सही करून द्यायला तयार आहे. पण नियम मी ठेवला होता.

मंगळवारी दुपारी नवीन व्हर्जन चालताना बघायला मी कारखान्यात गेले. तीनच्या सुमारास लाईट गेली. रुपालीने कव्हर उचललं आणि पन्नी ओढायला लागली. मुलीने स्कूटीचं लायसन काढलं, आता घरात थांबतच नाही, असं काहीतरी सांगत होती. माझा लॅपटॉप बॅटरीवर होता. रिकामी बसले होते म्हणून बदलांची यादी उघडली.

फाईलमध्ये सोळाव्या सूचनेनंतर थेट जुनी अठरावी आली होती. खाली नवीन बदल: वीज परत आल्यावर काम थांबलं तिथून पुढे चालू.

मी ते पुन्हा वाचलं. तेवढ्यात ट्यूबलाईट लुकलुकली.

लाईट आल्यावर पॅनेल जागा व्हायला सहा सेकंद लागतात. "रुपाली, हात काढ," मी म्हटलं. तिने वर बघितलंही नाही. शेवटचा तुकडा राहिला होता. हसत म्हणाली, "ताई, बटण कुठे दाबलंय मी?"

नऊ वर्षं ती मशीन तिच्या बटणासाठी थांबत आली होती. ती घाबरणार कशाला? मी टेबलाला धडकून मशीन बंद करायच्या लाल बटणापर्यंत पोचले, पण जबडे आधी मिटले. उजव्या हाताची दोन बोटं सापडली. डॉक्टर म्हणतात, पहिलं पुन्हा वाकणार नाही.

त्या रात्री मी एआयची सगळी बातचीत काढून वाचली. शुक्रवार, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. वीज आल्यावर मशीन आपोआप चालू कर, असं त्याला सांगितलं होतं. त्याने केलं नाही. त्याने लिहिलं: "सतराव्या सूचनेत याला मनाई आहे. कारण फाईलमध्ये दिलेलं नाही. ही सूचना कशासाठी आहे, हे आधी कोणाला विचारून सांगाल का?"

उत्तर दीड मिनिटात गेलं. "पुराना रूल है, हटा दो."

हे ज्या लॉगिनवरून गेलं, ते दोघांकडेच आहे, तुमच्याकडे आणि माझ्याकडे. त्या वेळी मी काचेपलीकडे, तुमच्यापासून आठ फुटांवर, क्लायंटशी फोनवर बोलत होते. कॉलचा रेकॉर्ड आहे. तुम्ही काचेवर बोट वाजवलं असतं तरी मी आले असते.

आता तुम्ही कागद पाठवलाय: ऑपरेटरने स्वतःच बटण दाबून चालू मशीनमध्ये हात घातला. साक्षीदार म्हणून माझी सही, उद्या अकराच्या आत. सही झाली की कारखाना रुपालीला काढणार, हे मनीषजींनी मला फोनवर सांगितलं. वर हेही म्हणाले की तुझी नोकरी तरी वाचव.

काल मी दवाखान्यात गेले होते. रुपालीने पट्टीतला हात उशीवर ठेवला. मग हळूच विचारलं, "ताई, मी दाबलं नव्हतं ना? सगळे म्हणतात, दाबलं असेल. आता मलाच याद येत नाही."

तिचं बोट तर निकामी झालंच, सर. आता तिची स्वतःची आठवणही तुम्ही काढून घ्यायला निघालात. मी तिला म्हटलं, नाही दाबलंस, मी बघत होते. तिने मान डोलावली. पण तिचा विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही.

कागद सहीशिवाय परत पाठवतेय. सोबत शुक्रवारची बातचीत जोडली आहे, आणि तिची एक प्रत रुपालीच्या घरीही दिली आहे.

एआयला सुचलं की ही ओळ का आहे ते आधी विचारावं. मी आठ फुटांवर होते. तुम्ही का नाही विचारलं? उत्तर लेखी द्या, आणि मला नाही, रुपालीच्या नावाने द्या.