एक चूल, एक ताडपत्री

मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेच्या कोपऱ्यात तडा गेलाय आणि पाठीवरचं रबरी कव्हर कुत्र्याने चावल्यासारखं दिसतं. पण मित्रांनो, हसू नका! मी जे पाहिलंय ना, ते तुमच्या नव्या कोऱ्या मोबाईलने पाहिलं असतं, तर तो जागच्या जागी बंद पडला असता!

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं, आपल्यावर कुणीतरी गेम खेळेल. कसलं काय! मी गेलो एका मदत संस्थेत. पूर आला, दरड कोसळली, की घर सोडावं लागलेल्यांची माहिती माझ्यात भरायची आणि तिच्यावरून मदत पाठवायची, हे माझं काम. माझी जोडीदारीण समीक्षा, रोह्याजवळच्या अष्टमी गावची, नुकतीच कामाला लागलेली. पावसात स्वतः भिजायची, पण मला ओढणीत गुंडाळायची. "हा माझा शहाणा!" असं सगळ्यांना सांगायची. मी फुगून जायचो.

आणि मग ती वाडी आली. पेण तालुक्यात, गागोद्याच्या पुढे डोंगरात. डोंगराला भेग पडली म्हणून सगळ्या वाडीला खालच्या शाळेत आणून ठेवलं होतं. सोमवारी शाळा भरणार होती. त्याआधी माळावर ज्याने त्याने ताडपत्री टाकून राहायचं, असं ठरलेलं. ताडपत्री कुटुंबामागे एक. वाडीतल्या पारीचं बाळ तान्हं होतं. ती सारखी विचारायची, "कदी येल गो ताडपत्री?"

समीक्षाने मला उघडलं. माझ्यात नियम पक्का बसवलेला: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. चुली किती?

गिरजाबाई वाडीतली सगळ्यात म्हातारी. ती ताठ बसून म्हणाली, "एकच! समदी वाडी एका चुलीवर जेवते. आमच्यात भांडण नाय गो!"

खरंच होतं ते. शाळेचा ओटा काळा होईल म्हणून तिथल्या गुरुजींनी एकच चूल मांडू दिली होती. समीक्षाने 'एक' दाबलं. पुढे माणसांची नावं भरता भरता तिचं बोट दुखलं, पण संस्थेच्या कार्यालयात पाहिला तो कुटुंबांचा आकडा. माणसांचा कुणी पाहिलाच नाही!

शनिवारी टेम्पो आला. प्रविण ड्रायव्हरने मागचं फळकं पाडलं आणि... एक ताडपत्री. एक बादली. एक चादर. बस्स!

मित्रांनो, माझी बॅटरीच गार पडली! समीक्षाचं तोंड उघडं ते उघडंच.

"बाकीची मागच्या गाडीत हाय?" पारीने विचारलं.

"नाय ताई. एकच कुटुंब सांगितलाय," प्रविण खाली बघत म्हणाला.

"एक? मंग माजा नवरा कुनाचा, समद्यांचा?"

दोघी-तिघी फिस्सकन हसल्या. गिरजाबाई नाही हसली. "मीच बोलले एक," म्हणून मटकन खाली बसली.

समीक्षाने तिथूनच फोन लावला. उत्तर आलं: उद्या पुन्हा पाहणी करा, पण नियमानेच. चुली मोजा, फोटो पाठवा. फोन स्पीकरवर होता. गिरजाबाईने सगळं ऐकलं.

रविवारी समीक्षा मला छातीशी धरून शाळेच्या फाटकात आली आणि थबकली. अख्खं पटांगण चुलींनी भरलं होतं! तीन दगड, मग तीन दगड, मग आणखी तीन, थेट झेंड्याच्या खांबापर्यंत! वरती वाडीत ज्याची त्याची होती, तश्शी. एकीतही विस्तव नव्हता. सुकं लाकूड ओट्यावरच्या चुलीपुरतंच होतं, आणि तिच्यावर रोजच्यासारखा सगळ्यांचा भात रटरटत होता.

पारी आपल्या तीन दगडांशी बाळ घेऊन बसली होती. "ही माजी. मोज गो."

समीक्षाने माझ्या कॅमेऱ्यावरचा थेंब पुसला. त्याच संध्याकाळी ताडपत्र्या आल्या. पारीची निळी.

त्यानंतर समीक्षा जिथे जाईल तिथे आधी विचारायची, "घरी असताना कुणाची चूल कुठे होती?"

पुढे नवे टॅब आले. मला रोह्याच्या एका शाळेला देऊन टाकलं. आता मी खडूंच्या डब्यांखाली असतो, चार्जर कुणी नेला देव जाणे! मित्रांनो, मला तिथून काढा. खुशाल गेम खेळा. पण कधी कुणाचं घरदार विचारायला मला नेलंत, तर बटण दाबण्याआधी समीक्षाचा प्रश्न विचारा. आणि माझ्यात जागा कमी पडली तर काहीही पुसा, तो चुलींचा फोटो तेवढा ठेवा.