झाकण उघडायचा मान

मी एक जुनी तांब्याची डेग आहे. तळेगाव ढमढेरेच्या इब्राहिमभाईंचा लग्नाच्या जेवणांचा धंदा आहे आणि त्यांची बिर्याणी माझ्याच पोटात शिजते. मित्रांनो, मला ठोकून घडवलं, कल्हई लावली, गावोगावच्या लग्नांत मिरवलं, ते सगळं मला समजलं. निमोणे गावातल्या लग्नापासून मात्र मी गोंधळलेलीच आहे.

तांदूळ भरला की माझ्या झाकणाच्या कडेला कणीक लावून वाफ कोंडतात. ते केव्हा उघडायचं, हे निखारे सांभाळणारा ज्ञानू ठरवतो. त्या दिवशी मालकांचा मुलगा शाकीर कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"ए ज्ञानू, उघड! पाव्हणं बसल्यात."

"दम धर की. भात कच्चा हाय अजून."

"धंदा आमचा हाय. मला शिकवू नगं!"

आणि त्याने कणीक फोडली. वाफ निघून गेली. पंगतीत तांदूळ दाताखाली कचकचले, नवरीचा बाप रडकुंडीला आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता इब्राहिमभाई पोराला फाडून खाणार, असं मला वाटलं. पण ते ज्ञानूपुढे हात जोडून उभे राहिले.

"चूक माझी हाय. चटका बसंल म्हणून मीच त्याला कवा चुलीजवळ येऊ दिला न्हाई. वर धंदा तुझाच, तुझाच म्हणत ऱ्हायलो. आता तो तुझ्या हाताखाली. तू व्हय म्हणशील तवाच धंदा त्याच्या हाती दीन, न्हाईतर न्हाई."

मी चक्रावलेच. मालकाचा मुलगा राखेने मला घासणार? ही माया म्हणायची की शिक्षा? त्यात तो बुडाचं काळं तसंच ठेवायचा आणि ज्ञानू त्याला पुन्हा घासायला बसवायचा. मला त्याची कीव यायची.

परवा केडगावच्या लग्नात निखारे सारताना शाकीरचा हात मला चिकटला. तो कळवळला. इब्राहिमभाई खुर्चीतून उठून धावले, मध्येच थांबले, आणि परत जाऊन बसले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसतही होते.

शाकीरने बोटांवर फुंकर घातली. "ज्ञानूमामा, आता उघडू का?"

"न्हाई. थोडं थांब."

"बरं," म्हणून तो माझ्याशेजारी उकिडवा बसला.

पोर भाजल्यावर बाप हसतो कसा, हे मला अजून उमगलेलं नाही. तुम्हाला उमगलं तर सांगा, मित्रांनो. आणि घरच्या धंद्यात पाऊल टाकाल तेव्हा आधी माझ्यासारखीला घासायला बसा. फक्त घासून ओली ठेवू नका, मी हिरवी पडते.